सगळ्या चर्चनं मागितलेले पिस्टन

लेम्युएल प्युरिफॉय यांनी बुधवारच्या प्रार्थनासभेत उभं राहून आपल्या इंजिनासाठी प्रार्थना मागितली, तिथेच त्यांचं चुकलं.

माउंट पिस्गा चर्चमध्ये बुधवारी एकेकानं उठून मनातलं मागणं सगळ्यांपुढे ठेवायचं असतं. कुणाचा गुडघा असतो, कुणाचा तुरुंगातला भाचा. लेम्युएल तर आमचे डीकन, पुढच्या बाकावरचे मानकरी. ते उठले आणि म्हणाले, गाडीला पिस्टन कोणते घालावेत हे देवानं मला सुचवावं. रेव्हरंड टिलरींनी डोळे मिटून आठही सिलिंडरांवर प्रभूचा हात मागितला आणि आम्ही मनापासून आमेन म्हटलं. पण सगळ्या चर्चनं आमेन म्हटलं, की मागणं एकट्याचं राहत नाही. दुसऱ्या दिवसापासून किराणा दुकानात, न्हाव्याकडे, जाल तिथे माणसं त्यांना थांबवून पिस्टन सांगू लागली. कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायनमंडळात, गाणाऱ्या बायकांनासुद्धा मतं फुटली.

गाडी सत्तर सालची, निळी शेवेल. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर लेम्युएलनी तिचं इंजिन खोललं आणि सगळं गॅरेज व्यापलं. त्यांच्या पत्नी व्हर्लीनबाई यांचा भलामोठा फ्रीझर मागच्या ओसरीवर गेला, आणि तिथून हलायचं नाव घेईना. शेवटी बाईंनी निकाल दिला. ऑगस्टमध्ये होमकमिंगच्या रविवारी, गाव सोडून गेलेली मंडळी चर्चला परत येतात त्या दिवशी, ही गाडी मला चर्चच्या दारात सोडेल. नाहीतर सोमवारी डेटनचं गिऱ्हाईक येऊन तिला घेऊन जाईल. गिऱ्हाइकाशी त्या स्वतः फोनवर बोलल्या होत्या.

इकडे सिलिंडर कापून देणारा माणूस पिस्टन हातात पडेपर्यंत यंत्र सुरू करेना, कारण भोक पिस्टनच्या मापानं कापायचं असतं. सगळं पिस्टनपाशी अडलं.

व्हर्लीनबाईंच्या धाकट्या भावाचं, क्लिओटिसचं, मत ठाम होतं. डोक्यावर उंचवटा असलेले पिस्टन घ्यावेत, चर्चच्या काचा थरथरल्या पाहिजेत. तसल्या पिस्टनना लागतं ते पेट्रोल फक्त शर्यतीच्या मैदानावर मिळतं, असं लेम्युएलनी सांगितलं, तर तो म्हणाला, मग मैदानावरून वळसा घालून जा. साधे ओतीव पिस्टन स्वस्त आणि आवाज न करणारे, पण त्यांचं नाव निघताच त्यानं नाक मुरडलं.

"डीकनबुवा, शिवणयंत्रावर बसून चर्चला जाणार का?"

हे मात्र लेम्युएलना झोंबलं. त्यांनी ठोकून घडवलेले, सपाट डोक्याचे पिस्टन मागवले. दणकट माल, पंपावरचं पेट्रोलही चालतं. खोड एकच. थंड असताना ते सिलिंडरात जरा सैल बसतात आणि वाजतात. तापून फुगले की गप्प होतात. लेम्युएलना हे ठाऊक होतं. बाईंच्या कानावर घालायचं तेवढं राहिलं, कारण इंजिन चालवून पाहायचं ते त्या कॉयरच्या सरावाला गेल्यावरच.

होमकमिंगच्या सकाळी व्हर्लीनबाई पिवळी हॅट घालून, जेवणानंतरच्या गोडासाठी भाजलेल्या पीच कॉबलरचं भांडं मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. मागे क्लिओटिस. लेम्युएलनी किल्ली फिरवली. इंजिन गरजलं, आणि त्या गर्जनेच्या पोटातून स्वच्छ ऐकू आलं, टक, टक, टक, टक.

क्लिओटिसनं मयताला आल्यासारखी टोपी काढली.

"हे काय वाजतंय?" बाईंनी विचारलं.

"पिस्टन. थंड आहेत गं अजून. तापले की थांबतील."

"नवे आहेत ना?"

"नवेच आहेत."

"लेम्युएल, माझा जुना फ्रीझरसुद्धा असा वाजत नाही." त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

लेम्युएल समोर बघत म्हणाले, "आपले रेव्हरंड उभे राहिले की अर्धा तास नुसते खाकरत असतात. मी कधी उठून गेलोय?"

"त्यांना नावं ठेवू नकोस. पूर्वरंगात सगळेच रखडतात. एकदा त्यांचा गळा तापला, बोलता बोलता गाऊ लागले, की बाकावर बसवत नाही माणसाला. तापायला वेळ द्यावा लागतो."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. हात कडीवरून खाली आला.

गाडी निघाली. टकटक लयीत चालली होती, घाईही नाही, ढिलाईही नाही. पहिल्या वळणाला बाईंच्या हातातला पुठ्ठ्याचा पंखा भांड्यावर ताल धरू लागला. दुसऱ्या वळणाला त्या गुणगुणू लागल्या. पेट्रोल पंप मागे पडला तेव्हा गळा पूर्ण सुटला होता, आणि क्लिओटिस मागून खर्ज लावत होता. चर्चचं शिखर दिसू लागलं आणि टकटक विरत विरत नाहीशीच झाली. मागे उरला तो इंजिनाचा गोल, भरदार घुमार.

बाई ओळीच्या मध्येच थांबल्या.

"काय केलंस?"

"काही नाही. तापले."

"माझी दोन कडवी राहिली होती."

चर्चच्या पायऱ्यांवर सगळं गोत जमलं होतं. आम्ही बाजूला सरून वाट दिली. व्हर्लीनबाई उतरल्या, हॅट सारखी केली आणि खिडकीतून आत वाकल्या.

"थंड व्हायला किती वेळ लागतो यांना?"

"दोन-तीन तास तरी."

त्यांनी दारात उभ्या असलेल्या रेव्हरंडांकडे पाहिलं. पाहुण्यांच्या गर्दीनं त्यांचा चेहरा आधीच फुलला होता.

"म्हणजे परतीच्या कडव्यांना जेमतेम जमेल," त्या म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "त्या डेटनच्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांग. आणि उद्या लवकर ये. फ्रीझर आत घ्यायचाय."