माझं ऑर्किडचं ज्ञान

कोराडीच्या वीज केंद्रात मी ड्राफ्ट्समन होतो, तेव्हाची, १९७९ सालची गोष्ट. शेजारच्या क्वार्टरमधले घोषबाबू नोकरी सोडून कलकत्त्याला निघाले आणि जाताना आपलं ऑर्किड माझ्या हवाली करून गेले. लांब दांडीवर पांढरी फुलं, पंख पसरून बसलेल्या पाकोळ्यांसारखी. त्याची निगा कशी राखायची ते घोषबाबू बराच वेळ सांगत होते. मी मान हलवत होतो, ऐकत नव्हतो. शेतकऱ्याच्या पोराला झाड वाढवायला काय शिकवायचं?

मुळं नुसत्या कोळशाच्या तुकड्यांत रुतलेली पाहून मला त्याची दया आली. मी काळी माती आणली, शेणखत कालवलं, झाड गळ्यापर्यंत पुरलं. रोज सकाळी तांब्याभर पाणी. मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडे वळवला. माझी बायको जया घामानं निथळत पोळ्या लाटायची. पानं पिवळी पडली, तेव्हा मी पाणी दोन तांबे केलं. शेवटी सडका वास सुटला. झाड मागच्या उकिरड्यावर टाकलं आणि ऑफिसात सांगितलं, की या जातीला नागपूरची हवाच मानवत नाही.

दोन वर्षांनी मागच्या ओळीतल्या अंजनाबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. अंजनाबाई आमच्या केंद्राच्या दवाखान्यात नर्स होत्या. आम्ही दोघं अभिनंदन करायला गेलो. खिडकीत वेताच्या टोपलीत, कोळसे आणि विटांच्या तुकड्यांत, ऑर्किड फुललं होतं. नऊ फुलं. केंद्राच्या धुराड्यांची राख घरोघरी बसायची, पण त्या पानांवर तिचा कण नव्हता. मुलीच्या सासरची माणसं बसली होती, म्हणून मला जोर चढला. ऑर्किड किती नाजूक, मी स्वतः कसं सांभाळलं होतं, याला माती कशी हवी, हे मी चहा येईपर्यंत सांगितलं.

कप हातात देताना अंजनाबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे तुमचंच झाड होय. उकिरड्यावर सापडलं मले. सडकी मुळं कापली, बाकी काही नाही केलं."

बुंध्याशी एक नवं रोपटं फुटलं होतं. ते मोठं झालं की देईन, असंही त्या म्हणाल्या. मी तोंड उघडायच्या आत जया म्हणाली, "नको, ते तुमच्याकडेच राहू द्या."

परतताना मी जयाला समजावत होतो, की माझ्या शेणखताचा गुण उशिरा लागला असणार. ती पुढे निघून गेली होती.