राईचं गाऱ्हाणं

भाईने राई विकली आणि विकून झाल्यावर घरात सांगितलं. असला हा माणूस! कोकमाच्या झाडांची ती राई सामायिक, चार घरांची. पण कारभार सगळा भाईच्या हातात. फोंडाघाटच्या लाकूडवाल्याला शब्द देऊन आला आणि ओटीवर पाय पसरून बसला.

त्याच्या वहिनीचं, सरलाचं, डोकंच फिरलं. त्याच राईतली कोकमं वाळवून ती आणि वाडीतल्या बायका आमसुलं करत, कुडाळच्या बाजारात विकत. वाळवणासाठी नवी शेडही बांधून झाली होती. राई गेली तर तिथे काय वाळवायचं, कपाळ?

"भाई, झाडां एकदाच विकूक येतत. कोकमां दर वर्सा."

"वयनी, आमसुलां विकून कोण श्रीमंत झालो? लाकूडवालो सोमवारी येतलो. इषय संपलो."

सरला बाकीच्या तिन्ही घरी जाऊन विनवून आली. "भाई म्हणता तसा," एवढंच सगळे म्हणाले. तिला रडू आलं, पण ती रडत बसणारी बाई नव्हे.

रविवारी शेडचा मुहूर्त. देवाच्या नावाने नारळ-विडा मांडला, भाऊबंद हात जोडून उभे राहिले. भाईही आला, न येऊन करतो काय! गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायला, गावचे मानकरी म्हातारे गावकार दत्ताराम पुढे झाले, तशी सरला म्हणाली, "काका, आज मी घालतंय."

बाईमाणसाने गाऱ्हाणं? कुजबुज झाली. दत्ताराम मात्र बाजूला सरले. "धंदो तुझो. घाल तूच."

"बा देवा म्हाराजा! ह्या धंद्याक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"राईतली कोकमां आमच्या पोराबाळांकय मेळांदेत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या राईक जो कोण कुऱ्हाड लावीत, तेका थंयच अडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाईचा आवाज सगळ्यांच्या वर. जन्माची सवय, गाऱ्हाण्याला होकार देताना विचार कोण करतो? शब्द तोंडातून गेला आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. देवापुढे 'व्हय' म्हणून मागे फिरणारा त्या गावात अजून जन्मायचा होता.

"वयनी, फसवलात माका!"

"फसवतंय कशाक? माझ्या मनात होता, ता मी देवाक सांगलंय. तुमी काय सांगलात, ता तुमी बघा."

भाई तणतणत अंगणात गेला. फोन लावला, घसा खाकरला आणि एकदम शहरी मराठीत म्हणाला, "शेठ, गाडी पाठवू नका. नाही हो, दराचं काही नाही. मीच देवाला हो म्हणून बसलोय."