सगळ्या बायांना होतं तेवढंच

शेलूबाजारच्या अलीकडे गोमतीबाईंचा भाजीचा मळा आहे. तिथे कारल्याचा वेल पिवळा पडला, तर भुरी पडली की पाणी कमी झालं हे कुणी बघत नाही. गोमतीबाईंना कारण आधीच ठाऊक असतं. "त्या दिवसात मांडवाखालून गेली असन," असं सुनेकडे न बघता म्हणायचं, की विषय संपला.

पाळी आली की साधनाने मळ्यात पाय टाकायचा नाही, पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे पत्र्याखाली बसायचं, हा घरचा रिवाज. रिवाज मोडायला अंगात त्राण तरी हवं. ओटीपोटात असा पीळ पडे की ती गुडघे छातीशी घेऊन पडून राही. नवरा अंकुर चहा आणून लांबवर ठेवी आणि निघून जाई. माणूस वाईट नव्हता, पण असायचा लांबच. पत्र्याखाली पडल्या पडल्या साधनाला एकच गोष्ट खाई. आपल्या हातून असं काय घडलं, म्हणून हे दुखणं आलं, म्हणून कूस उजवत नाही? सासूचंच खरं असेल, असंही तिला वाटू लागलं होतं, आणि ते दुखण्यापेक्षा वाईट होतं.

शेवटी ती वाशीमला गेली, एकटीच. "बायायच्या दवाखान्यात मी येऊन काय करू?" अंकुर म्हणाला होता.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच बाहेर वाढलंय, दर महिन्याला तेही सुजतं, म्हणून एवढं दुखतं. नाव एंडोमेट्रिओसिस. उपचार आहेत.

"माह्यं काय चुकलं, मॅडम?"

"काहीच नाही. नेमकं कशानं होतं, हे अजून कुणालाच पक्कं माहीत नाही. पाळी लहान वयात आलेली, लवकर लवकर येणारी, अंगावरून जास्त जाणारी, अशा बायांमध्ये जास्त दिसतं. काही घराण्यांतूनही येतं. तुमच्या आईला होतं का?"

"नाही," साधना लगेच म्हणाली. पाचवीत असताना ती पहिल्यांदा कळवळून रडली, तेव्हा आईच म्हणाली होती, साऱ्यायले होते, तोंड मिटून राह्य.

"एकदा विचारून बघा."

बसस्टँडच्या बाकावर बसून तिने माहेरी, इंझोरीला, आईला फोन लावला. विजयमालाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"माय, तुले पाळीत लय दुखे काय?"

"मले? नाही बाप्पा. साऱ्या बायायले होते तेवढंच."

"तेवढंच म्हंजे केवढं?"

"तेवढंच म्हंजे पदराचा बोळा तोंडात कोंबून पडून राहाचं. उलट्या होत. उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. तुह्या अंजनामावशीचंबी तसंच, आमच्या मायचंबी तसंच. त्यात सांगाचं काय?"

साधनाने दवाखान्यातलं सगळं सांगितलं. तिच्यावरचं ओझं उतरलं होतं, पण हसू काही येईना. पलीकडे शेंगांचा आवाज थांबला होता.

"मंग बाकीच्या बायायले असं होत नाही?"

"एवढं नाही होत, माय."

मग विजयमालाबाईंचा आवाज आला, एरवी कधी नसे इतका बारीक.

"माह्या जावा त्या चार दिवसातबी दळण आनत, धुणं धुवत. मी आपली गुरायच्या कोठ्यात पडून. मले वाटे त्यायलेबी तेवढंच होते, त्या सोसतात, मीच कच्ची हाओ. म्हून कोणाले सांगतलंच नाही."

शेलूबाजारची गाडी लागली, भरली आणि निघून गेली. साधना बाकावरून उठली नाही. फोन तिने दोन्ही हातांनी कानाशी धरला होता. फोन दोघींपैकी कुणीच ठेवत नव्हतं.