माझ्या शेजारची दहा बोटं

मी एक जुना ब्रश आहे. आधीच सांगून ठेवतो, मेकअपचा नव्हे, रंगाचा नव्हे, आणि दाढीचा तर मुळीच नव्हे. पोलीस संग्रहालयातल्या या काचेच्या कपाटासमोर शाळेची सहल आली की कुणीतरी हमखास विचारतं, "हा गालाला पावडर लावायचा का?" मित्रांनो, पावडर मी लावत असे खरी, पण गालाला नाही. चोरी झालेल्या घरात न दिसणारे बोटांचे ठसे दिसायला लावणं हे माझं काम होतं.

माझे केस खारीच्या शेपटीचे, इतके मऊ की फुंकर घातली तरी डुलावेत. मूठ साध्या लाकडाची. मी ज्यांच्या पेटीत राहिलो त्या ठसेतज्ज्ञ ताई माझ्याशी लेकरासारख्या वागत. मला काळ्या भुकटीत जेमतेम टेकवायच्या, जास्तीची झटकायच्या आणि काचेवर हलकेच गरगर फिरवायच्या. घासायच्या कधीच नाहीत. मग रिकाम्या काचेवर एकेक रेष उभी राहायची. आधी फोटो, मग चिकटपट्टीने ठसा उचलून कार्डावर, मग पाकीट, मोहोर, सही, तारीख, वेळ. पाकीट कुणी कुणाच्या हातात दिलं तेसुद्धा लिहायचं.

दारातच त्या सगळ्यांना बजावायच्या, "आधी हात खिशात. मग डोळे उघडा. हात सगळ्यात शेवटी."

ऐकायचं कोण? पालथ्या घड्यावर पाणी!

त्या दिवशीचं सांगतो. आठवलं की अजूनही माझे केस ताठ होतात. एका घरात भरदुपारी दागिन्यांचा डबा रिकामा झाला होता. मालकीणबाई आतल्या खोलीत झोपलेल्या. दाराला कडी नाही, कारण चार वाजता कामाच्या मावशी चहा करायला परत यायच्या. आम्ही पोहोचलो तेव्हा डबा होता त्या बाहेरच्या खोलीत अकरा माणसं होती. शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे आणि एक काका, जे नुसते 'बघायला' आले होते. मावशी बाहेर पायरीवर बसल्या होत्या आणि येणारा जाणारा त्यांच्याकडे वळून बघत होता. चौदा वर्षं त्या घरात राबल्या, पण त्यांना चोर ठरवायला चौदा मिनिटंही लागली नव्हती.

टेबलावर पाण्याचा एक ग्लास होता. अर्धा भरलेला.

"हा कुणाचा?" ताईंनी विचारलं.

"माझा नाही. मी तांब्यानेच पिते," मालकीणबाई म्हणाल्या.

पायरीवरून मावशींचा आवाज आला, "ताई, मी एक वाजता सगळी भांडी घासून, पुसून, फळीवर लावून गेले. टेबलावर तेव्हा काही नव्हतं."

म्हणजे एकनंतर कुणीतरी आलं होतं, आणि इतकं निवांत, की पाणी पिऊन गेलं! ताईंचे डोळे चमकले. त्यांनी ग्लासशेजारी तीन नंबरची पाटी ठेवली, फोटो काढला आणि कागदी पिशवी आणायला त्या गाडीकडे गेल्या.

तेवढ्यात पोलीस चौकीचे मोठे साहेब आले. जिना चढून दमलेले. त्यांनी तीन नंबरची पाटी नीट, हळूच बाजूला सरकवली, ग्लास उचलला आणि घटाघटा रिकामा केला. शेजारच्या काकूंनी तो अदबीने त्यांच्या हातून घेतला, साबणाने लख्ख धुतला आणि पालथा घातला.

ताई परत आल्या आणि दारातच थांबल्या.

"साहेब, तो पुरावा होता."

"अहो मॅडम, पाणीच तर होतं."

"हो. चोराचं उष्टं."

साहेब लाल झाले. चूक झाली की काही माणसांचा आवाज खाली जातो, काहींचा वर. यांचा वर गेला. "पुरावा कसला शोधताय? घरभर त्या बाईचेच हात लागलेत!"

"चौदा वर्षं घर पुसलंय त्यांनी. मग हात काय फक्त छताला लागणार?"

ताईंनी मला पेटीतून काढलं. दागिन्यांचा डबा उघडा पडला होता. बाहेरून त्याला अकराही जणांनी हाताळलं होतं, पण झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी तिथे फिरलो. एकदा, दोनदा. आणि एक अंगठा उमटला. स्वच्छ, रेष न् रेष मोजावी असा.

मग मावशींना आत बोलावलं. त्यांची दहाही बोटं शाईत बुडवून कार्डावर टेकवली. कार्डावर दहा काळे डाग उमटले. रेष एकही नाही. पुन्हा घेतले, तेच.

"बघा! ठसे घासून आलीय, लबाड!" साहेब गरजले.

मावशींनी तळहात पुढे केले. "घासून नाही आले, साहेब. घासता घासता गेले. राख, साबण, काथ्या. माझ्या हातावरचं नशीबसुद्धा कधीच वाहून गेलं मोरीत."

डब्यावरचा अंगठा मावशींचा असूच शकत नव्हता.

पण तेवढ्याने सुटका होते थोडीच? "अंगठा कुणाचा तरी जुना असेल," साहेब म्हणाले. ग्लासवरचा ठसा आणि झाकणावरचा ठसा जुळला असता, तर 'एकनंतर आलेला तोच चोर' हे त्याच दिवशी ठरलं असतं. ग्लास धुतला गेला, म्हणून मावशींना नऊ दिवस चौकीत खेटे घालावे लागले. त्या आणखी तीन घरी काम करत, त्या तिन्ही घरांनी त्यांना कामावरून काढलं. दहाव्या दिवशी दुसऱ्या गल्लीत एक माणूस पकडला गेला. अंगठा त्याचा.

मालकीणबाई चौकीत आल्या. "झालं गेलं विसरा, मावशी. उद्यापासून या."

"नको बाई," मावशी म्हणाल्या. "तुमचं घर तुम्हीच पुसा आता. म्हणजे पुढच्या वेळी ठसे तुमचे निघतील."

पुढे ताई निवृत्त झाल्या, आणि मी कुणाच्या हाती लागलो म्हणता? एका कारकुनाच्या. त्याने मला घेऊन टेबल झाडलं, वर मला ओला करून पंखासुद्धा पुसला! केस चिकटले, मी बाद झालो आणि इथे आलो. त्याचं मला फारसं दुःख नाही. संताप आहे तो शेजारच्या कार्डाचा. नीट बघा, मावशींचं तेच कार्ड. दहा काळे डाग. आणि खाली पाटी आहे, 'खराब नमुना'.

खराब? मित्रांनो, खराब काय होतं त्या खोलीत, ते तुम्ही आत्ताच ऐकलंत.

तुमच्या घरात काही हरवलं, तर आधी हात खिशात घाला आणि डोळे उघडा. घरातल्या सगळ्यांत गरीब माणसाकडे वळून बघायची घाई करू नका. आणि तुमच्यापैकी कुणाचं अक्षर चांगलं असेल, तर माझं एक काम करा. ती पाटी काढायला सांगा आणि तिथे लिहा, 'चौदा वर्षं दुसऱ्यांची भांडी घासलेले हात.' लिहिताना काचेला बोटं लागली तरी चालतील. तुमची बोटं अजून कोवळी आहेत, ठसे छान उमटतील. या कार्डाशेजारी ते दिसू देत सगळ्यांना.