दाजींच्या गाडीची टिकटिक

दाजींची जुनी गाडी म्हणजे ताईची सवत, असं सगळं घर म्हणायचं आणि ताईही कधी नाही म्हणायची नाही. गाडी दाजींच्याही आधी जन्मलेली. ते तिला धुवायचे, पुसायचे, आणि पुसून झाल्यावर दोन पावलं मागे सरून असे बघत राहायचे की ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायची, "अहो, आता एक मुकाही घ्या तिचा!"

अशा माणसानं गाडी विकायला काढली म्हटल्यावर ताईच्या धाकट्या भावाच्या हातातला पाना खालीच पडला. धाकटा धंद्यानं गाड्यांचा मिस्त्री, आणि सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे.

"चढ आला की दम टाकते रे," दाजी फोनवर म्हणाले. "वय झालं. तिचंही, माझंही. उद्या सकाळी एक हॉटेलवाला न्यायला येतोय, दारात शोभेला ठेवणार म्हणे. तू एवढंच कर, माझ्या फाटकातून ती स्वतःच्या जोरावर बाहेर पडू दे. ढकलत नाही न्यायची तिला."

मिस्त्रीला ते ऐकवेना. त्यानं हत्यारांची पेटी उचलली आणि निघाला.

ताई दारातच होती. "आलास? बरं झालं. जाऊ दे एकदाची ती पीडा. मला शेडमध्ये कपडे वाळत घालायचेत." एवढं बोलून लगबगीनं आत गेली. एरवी भावाच्या पोटाच्या घेरावर चार शब्द बोलल्याशिवाय ती त्याला उंबरा ओलांडू देत नसे. मिस्त्रीला जरा चमत्कारिकच वाटलं.

शेडमध्ये दाजींनी इंजिन चालू केलं. जोर म्हणून नाही, पण आवाज? एकदम शहाण्या पोरासारखा.

"टिकटिक कुठे गेली, दाजी? जुन्या इंजिनाची टॅपेटं बारीक वाजतातच."

"अरे, आपोआप थांबली! समोरच्या दातांच्या डॉक्टरनं जीव खाल्ला होता. बाहेर पडलो की, 'काय हो, शिलाई मशीन निघालं का फिरायला?' आणि एक दिवस आवाज बंद. काय बरं वाटलं म्हणून सांगू!"

"इंजिनात आपोआप काही बरं होत नसतं," मिस्त्री पुटपुटला.

इंजिन बंद करून त्यानं पुढे हँडल घातलं आणि हातानं फिरवलं. तीनदा चांगला दाब लागला, चौथ्यांदा हँडल सुळकन फिरलं. मग दाजींना फिरवायला लावून त्यानं मागच्या धुराच्या नळीला कान लावला. फुस्स.

"एका सिलिंडरचा व्हॉल्व नीट मिटत नाहीये. गाडी म्हातारी नाही झाली, दाजी. तिचं तोंड उघडं राहतंय. काही माणसांचं राहतं तसं."

"बहिणीबद्दल बोलतोयस का?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही हं."

दाजी हसले. त्या दिवसातलं ते पहिलंच हसू असावं.

मिस्त्रीनं इंजिनाचं वरचं झाकण काढलं. टॅपेट व्हॉल्वला दाबून उघडतं; दोघांच्या मधे कागदाएवढी फट लागते. धातू तापला की वाढतो, त्याला वाढायला जागा नको? नाहीतर व्हॉल्व उघडाच राहतो. इथे मापाचं पातळ पातं कुठेच शिरेना. सगळ्या फटी गच्च मिटवलेल्या. आणि प्रत्येक नटावर एकेक लाल ठिपका, बारीक चमचम असलेला. नेलपॉलिश!

घट्ट केलेल्या नटावर रंगाचा ठिपका द्यायची सवय त्याच्या वडिलांची. म्हणजे एकाच नटाला दोनदा हात लागत नाही. वडील गॅरेजात पाना धाकट्याच्या हाती द्यायचे आणि ताईला नुसती उजेडाला बॅटरी धरून उभी करायचे. बॅटरी धरून धरून पोरीनं अर्धी विद्या उचलली. फट मिटली की टिकटिक मिटते, हे तिनं पाहिलं होतं. फट मुळात ठेवायची कशाला, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मिस्त्रीला हसू आलं.

त्यानं पुन्हा पाना उचलला. सिलिंडरांवरचं हेड उतरवलं, तर एका व्हॉल्वची कड जळून खडबडीत झालेली. बाकीचे थोडक्यात वाचले होते. पेस्ट लावून त्यानं तो व्हॉल्व बैठकीवर घासला, पुसला, पुन्हा घासला, कडेनं सारखी करडी रेघ उमटेपर्यंत. मग नवं गॅस्केट घालून हेड चढवलं. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली.

"हा लाल रंग कसला रे?" दाजींनी एका नटावर बोट ठेवलं.

"कंपनीची खूण."

"कंपनीला चमचमची हौस?" दाजी म्हणाले, आणि त्यांची नजर ट्रे धरलेल्या बोटांवर गेली.

ताईनं ट्रे असा आदळला की चहा बशीत आला. "हो, मीच केलं! तो दातवाला काही बोलला की तुम्ही दोन दोन दिवस घुम्यासारखे बसता. म्हटलं आवाज बंद करून टाकू. तर ती चढच चढेना, आणि तुम्ही म्हातारपणाच्या गोष्टी करायला लागलात. कोणत्या तोंडानं सांगणार होते?"

"काम सफाईदार आहे हं, ताई," मिस्त्री म्हणाला. "चुकलीस तीही सगळीकडे सारखीच."

"तू गप्प बस. तुला पाना मिळायचा!"

मिस्त्रीनं हात पुसले. मग त्यानं पाना तिच्यापुढे धरला. "घे. पातं जरा अडखळत सरकलं पाहिजे, तेवढी फट ठेव."

दाजींनी हँडल फिरवलं, ताईनं एकेक फट लावली, आणि दोघं सगळा वेळ भांडत होते. "हळू फिरवा ना!" "हळूच फिरवतोय!" मिस्त्रीनं गार झालेला चहा सुखानं संपवला.

ऊन उतरायच्या आत गाडी चढावर होती, टिकटिक करत, पण पहिल्या दमात वर. माथ्यावर दाजींनी ती थांबवली, हॉटेलवाल्याला फोन लावला आणि "येऊ नका, बेत बदलला" एवढंच सांगून ठेवून दिला. मग ते ताईकडे वळले.

"इतकी वर्षं मला वाटायचं, तुला ही गाडी आवडत नाही."

"नाहीच आवडत," ताई म्हणाली. "तुम्ही तिच्यातून तोंड पाडून उतरता, ते मला बघवत नाही."

दाजींनी गाडी घराकडे वळवली. मागच्या सीटवरचा मिस्त्री खिडकीबाहेर बघू लागला.