काळ्या सपोट्याची चव

माणसाने आयुष्यात एक तरी झाड लावावं, म्हणजे त्याचं नाव मागे राहतं. एका घरातल्या सासऱ्यांनी लावलेल्या झाडाला अख्खी इमारत ‘ती अडचण’ म्हणत असे.

झाड काळ्या सपोट्याचं. नावात सपोटा असला, तरी चिकूशी या परदेशी फळाचं सोयरसुतक नाही. नकाशे काढायच्या नोकरीतून सासरे निवृत्त झाले, तेव्हा घड्याळाऐवजी त्यांच्या हातात हे रोप ठेवलं गेलं. नऊ वर्षांत फळ एकही नाही. सावली मात्र नेमकी सोसायटीच्या सेक्रेटरींच्या गाडीवर, आणि झाडावरच्या पक्ष्यांची शिटही. शेवटी झाड तोडायचा ठराव आला, आणि झाडाने कच खाऊन तीन फळं धरली.

सासऱ्यांनी अध्यक्षांना एवढंच विनवलं: आधी चाखा, मग तोडा. हे फळ आतून चॉकलेट पुडिंगसारखं असतं, असं त्यांनी वाचलं होतं. अध्यक्षांना मधुमेह असल्यामुळे ते लगेच तयार झाले.

फळं कागदात गुंडाळून फडताळात ठेवली. सभेच्या दिवशी माणसं घरी येणार, म्हणून सुनेने सकाळीच फडताळ आवरलं. आत तीन काळपट, लिबलिबीत गोळे निघाले. ते तिने कचऱ्यात टाकले, आणि कचऱ्याची गाडी त्या दिवशी नेमकी वेळेवर आली. हे फळ सडल्यासारखं दिसलं की पिकलं समजायचं, हे सासऱ्यांनी सगळ्या इमारतीला सांगितलं होतं. घरात सांगायचं राहिलं होतं.

दुपारी ते फडताळापुढे उभे राहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

सकाळी आपण काय टाकलं, ते सुनेला उमगलं. “बाबा, गर मी काढून ठेवलाय,” ती म्हणाली. “तुम्ही खुर्च्यांचं बघा.”

मग तिने दार लावून खजूर, काळी पडलेली केळी आणि कोको मिक्सरमधून काढले.

संध्याकाळी नऊ वाट्या फिरल्या. अध्यक्षांनी दुसरी मागितली. सेक्रेटरी वाटी चाटूनपुसून म्हणाले की असं झाड तोडायचं कोणाच्या मनातच नव्हतं. ठराव बारगळला.

सासरे वाट्या विसळायला आत आले. “पुढच्या वेळी केळं एकच घाल,” ते म्हणाले.

सून ओशाळली. “तुम्हाला कळलं होतं?”

“नऊ वर्षं वाट बघितलीय. केळ्याचा वास ओळखत नाही होय मी?” त्यांनी तिच्या हातातला फडका घेतला. “झाड राहिलं ना. जा, पाठ टेक जरा.”

पुढच्या वर्षी बारा फळं आली. नीट पिकवून सगळ्यांनी खाल्ली. त्यांना फारशी चव नव्हती.