वस्तीला रस्ता मिळाला

लोकशाहीत प्रत्येकाच्या मताला सारखीच किंमत असते. ते मत रस्त्याच्या कुठल्या अंगाला राहतं, एवढंच आधी पाहून घ्यावं लागतं. धम्मपाल कांबळेनं ते पाहिलं नाही. बी.ए.ला राज्यशास्त्र घेतल्याचा परिणाम असावा.

पेठ वडगावजवळच्या त्याच्या गावात बौद्धवस्तीचा आपला एक वॉर्ड होता. वस्ती ठरवील तो माणूस तिथून ग्रामपंचायतीत जायचा, सरपंच अमरसिंह इंगवल्यांच्या ठरावांना विरोध नोंदवायचा आणि चहा न पिता परत यायचा. दोन हजार सालच्या निवडणुकीपासून हे काम धम्मपालनं करावं, असं विहारात ठरलं होतं.

वस्तीला रस्ता नव्हता. धम्मपालनं त्यासाठी अर्जांवर अर्ज केले होते. निवडणुकीच्या आदल्या उन्हाळ्यात अमरसिंह स्वतः वस्तीत आले आणि रस्ता मंजूर झाल्याचं सांगून गेले. वस्तीच्या मधोमध काढायचा, ओढ्यावरून थेट हमरस्त्याला न्यायचा, पोरांची शाळेची पायपीट संपली म्हणायची. फक्त सोनूबाईचं न्हाणीघर मधे येत होतं.

सोनूबाई धम्मपालची सख्खी आत्ती, नवरा गेल्यापासून एकटी. तिनं साफ नकार दिला. धम्मपालनं दोन-तीन संध्याकाळी बसून तिला विकास समजावला.

"त्येला आपला पुळका कवापास्नं आला, ते इचार की आदी," एवढंच ती म्हणाली. मग भाच्याच्या शब्दाखातर न्हाणीघर पाडू दिलं. उद्घाटनाला धम्मपालनं सरपंचांना हार घातला.

दिवाळीनंतर नव्या वॉर्डांचा कच्चा नकाशा चावडीवर लागला. हद्द ओढा, रस्ता अशी डोळ्यांना दिसणारी हवी, असा नियम. वस्तीतून आता रस्ता गेला होता. उत्तरेची घरं इंगवले गल्लीला जोडलेली, दक्षिणेची माळावरच्या वॉर्डाला. दोन्हीकडे वस्ती मूठभर.

धम्मपालनं हरकत घेतली. सुनावणीला तालुक्याच्या साहेबांनी ती शेवटपर्यंत ऐकली. माणूस वाईट नव्हता. मग त्यांनी विचारलं, "तिथं रस्ता आहे का नाही?"

"आहे, साहेब. पण तो ह्याच्यासाठीच केलाय."

"मागितला कुणी होता?"

मागच्या बाकावरून अमरसिंह आपुलकीनं म्हणाले, "ह्येंनीच की, साहेब. लई पाठपुरावा केला. आत्तीचं न्हाणीघर पाडून जागा दिलीया."

राखीव जागा इंगवले गल्लीच्या वॉर्डात पडली. कायदा कुठंही मोडला नाही. धम्मपाल उभा राहिला, आणि समोर अमरसिंहांच्या जीपचा ड्रायव्हर यल्लाप्पा. तोही वस्तीतलाच, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती. उत्तरेच्या घरांनी धम्मपालला मतं दिली, गल्लीनं यल्लाप्पाला. गल्ली मोठी होती. पहिल्याच सभेत यल्लाप्पानं सगळ्या ठरावांवर सह्या केल्या आणि चहाही घेतला.

निकालाच्या संध्याकाळी धम्मपाल आत्तीकडं गेला. जुनं लुगडं दोरीवर टाकून तिनं अंघोळीपुरता आडोसा केला होता. वाऱ्यानं तो उडत होता, म्हणून ती त्याला दगड बांधत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"तुला मत द्याया गेलते," ती म्हणाली. "तुजं नावच न्हाय म्हनले. तू पल्याडचा हायस म्हनं."

धम्मपालनं दुसऱ्या टोकाला दगड बांधला.

रस्ता अजून आहे. गावातून निघतो, वस्तीच्या मधून जातो आणि ओढ्यापाशी संपतो. ओढ्यावर पूल नाही.